बरडी जमीन आणि रानाचा वाटा



आपल्या सावली भागात जमिनीची चार नावे लहान पोरालाही ठाऊक असतात. कन्हार, मोरांड, खरडी आणि बरडी. कन्हार म्हणजे काळी, जड, पाणी धरणारी. मोरांड तिच्या खालोखाल. खरडी हलकी. आणि बरडी? बरडी म्हणजे दगड, मुरूम आणि वर बोटभर माती. भावाभावांत वाटणी होते तेव्हा ज्याच्या वाट्याला बरडी येते त्याचे तोंड उतरते. बायको म्हणते, "हे काय घेऊन आले तुम्ही? यात कुसळही उगवत नाही."

त्यात ही जमीन बहुधा रानाला लागून असते. जे थोडेफार पेरावे ते रात्री रानडुक्कर उकरते, रोही तुडवते, चितळ कुरतडते. आणि चितळामागे वाघ येतो. म्हणजे जमीन वाईट ती वाईट, वरून राखणीला जाण्याचीही भीती.

या दोन्ही गोष्टींचा विचार आपण एकत्र करू. बरडी सुधारावी कशी, आणि रानातल्या जनावराला त्याचे खाणे रानातच कसे मिळावे. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. डोंगरावरची माती आणि पाणी वाहून गेले की रानही भुकेले राहते आणि शेतही.

पावसाचा हिशोब

आधी एक हिशोब करू. आपल्याकडे वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक एकर जमिनीवर इतका पाऊस पडला, तर ते पाणी किती होईल? सुमारे ४८ लाख लिटर! दोनशे लिटरचा एक पिंप धरला, तर चोवीस हजार पिंपे पाणी. फक्त एका एकरात.

मग बरडी कोरडी का? पाणी कमी पडते म्हणून नव्हे. ते थांबत नाही म्हणून. उतारावरून पाणी धावते. धावणारे पाणी चोरासारखे असते. ते रिकाम्या हाताने जात नाही. वरची बारीक माती, पालापाचोळा, शेणखत, सारे उचलून नाल्यात नेते. मागे उरतो तो दगड. म्हणजे बरडी ही देवाने दिलेली शिक्षा नाही. पुष्कळ ठिकाणी ती पाण्याने धुऊन धुऊन झालेली आहे. जे धुऊन गेले ते थांबवता येते.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : धावते पाणी चालते करावे, चालते पाणी थांबते करावे, थांबते पाणी मुरते करावे.

दगड शत्रू नव्हे

काही जण जोराने कामाला लागतात आणि शेतातला एकूण एक दगड वेचून बाहेर फेकतात. असे करू नये. जो मोठा दगड नांगराच्या फाळाला लागतो तो काढा. मुठीएवढे लहान दगड थोडे राहू द्या. पावसाचा थेंब जोराने मातीवर आपटतो तेव्हा माती उडते. वर दगड असला तर तो मार दगड खातो. उन्हाळ्यात दगडाखालची ओल लवकर उडत नाही. दगड उलटून पाहा, खाली ओलसर माती आणि गांडूळ सापडेल.

आणि काढलेले मोठे दगड? ते आपले फुकटचे सामान आहे. त्यांचा बांध घाला.

सारखी पातळी कशी काढावी

दगडी बांध उतारावर आडवा घालायचा असतो, पण डोळ्याच्या अंदाजाने नको. डोळा फसतो. बांध एका टोकाला जरा जरी खाली गेला, तरी सारे पाणी तिकडे धावेल आणि बांध फोडील. त्यासाठी एक साधे हत्यार घरीच करता येते.

सहा-सात फुटांच्या दोन सारख्या काठ्या घ्या. वरची टोके एकत्र बांधा, खालचे पाय फाकवा. मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या टोकापासून एक दोरी सोडा आणि दोरीला दगड बांधा. दोरी आडव्या काठीच्या जराशी खाली यावी.

आता जमिनीवर दोन खुणा करून त्यांवर दोन पाय ठेवा. दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे कोळशाने रेघ मारा. मग चौकट फिरवा. डावा पाय उजव्या खुणेवर, उजवा पाय डाव्या खुणेवर. पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधोमध तिसरी रेघ मारा. ही झाली पातळीची रेघ. यापुढे दोरी या रेघेवर आली की समजावे, दोन्ही पाय एका पातळीत आहेत. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे टाकायचा, दोरी रेघेवर आणायची, तिथे खुंटी ठोकायची. असे करत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे. खुंट्यांची ओळ वाकडी दिसेल. दिसू द्या. पाण्याच्या दृष्टीने तीच सरळ आहे.

बांध कसा घालावा

खुंट्यांच्या ओळीवर वीतभर खोल चर खणा. चरात सर्वांत मोठे दगड बसवा. त्यावर मधले. फटींत लहान दगड ठोकून भरा. पायथा रुंद, माथा अरुंद. दीड-दोन फूट उंची पुरे. चुना नको, सिमेंट नको. फटींतून पाणी हळूहळू पाझरेल, पण माती अडेल. हेच आपल्याला पाहिजे. जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी एका जागी सांडवा ठेवा आणि तिथे चपटे दगड पसरा.

उतार जास्त असेल तर बांध जवळजवळ घाला, कमी असेल तर लांब लांब. काम वरून सुरू करा. वरचे पाणी आवरले नाही तर खालचा बांध टिकत नाही.

बांधाच्या वरच्या अंगाला मारवेल गवताचे ठोंब लावा. गवताची मुळे माती धरतात आणि बैलाला चारा होतो. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच बांधामागे गाळाची पट्टी साचलेली दिसेल. ती पट्टी म्हणजे तुमची नवी जमीन. तिच्यावर पहिल्याने तूर टाका.

गाळ म्हणजे सोने

आपल्या पूर्वजांनी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या मुलखात शेकडो तलाव आणि बोड्या बांधल्या. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी या कामात मोठे नाव मिळवले. पुढे मालगुजारांकडे गेलेल्या या तलावांना आज आपण मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. डोंगरावरून धुऊन आलेली बारीक माती या तलावांच्या पोटात येऊन बसली आहे. तुमच्या बरडीतून गेलेली मातीही त्यात असेल!

उन्हाळ्यात तलाव आटला की हा गाळ काढावा आणि बरडीवर पसरावा. तलावही खोल होतो आणि शेतही भरते. राज्य सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, ती याच विचारातून. मात्र ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय तलाव उकरू नये. आणि एक सावधगिरी : बांध आधी, गाळ नंतर. बांध नसताना टाकलेला गाळ पुढच्याच पावसात परत तलावात जातो.

जमिनीला जेवण

माणूस नुसत्या पाण्यावर जगत नाही, जमीनही जगत नाही. तिला कुजलेले खत हवे. पण एवढे शेणखत आणावे कोठून? यावर स्वस्त उपाय हिरवळीच्या खताचा.

पहिल्या पावसाबरोबर बोरू किंवा ढैंचा दाट पेरा. एकरी वीस किलोच्या आसपास बी लागते. सहा-सात आठवड्यांनी पीक फुलावर येऊ लागले की नांगरून मातीत गाडा. फुलावर आल्यावर उशीर करू नका. काडी जून झाली की लवकर कुजत नाही.

ज्यांना एक हंगाम रिकामा सोडणे परवडत नाही, त्यांनी बरबटी, कुळीथ, तूर अशी द्विदल पिके घ्यावी. या पिकांचे एक मूळ हळूच उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. गाठ फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठींत सूक्ष्म जीव राहतात. हवेतला नत्र पकडून ते झाडाला देतात. म्हणजे हवेतून खत ओढणारा हा बिनपगारी गडीच आहे. म्हणून शेंगा तोडल्यावर झाड मुळासकट उपटू नका. कापा, आणि मुळे मातीत राहू द्या.

शेताच्या कडेने गिरीपुष्पाच्या फांद्या लावल्या तर दरवर्षी हिरवा पाला कापून बांधीत टाकता येतो. आणि हो, तणस व काडीकचरा जाळू नका. जमिनीच्या तोंडचा घास आहे तो.

जिथे नांगर चालत नाही तिथे

काही जागा अशी असते की तिथे खडकच आहे. तिथे धान, तूर यांचा हट्ट धरू नये. तिथे झाड लावावे. झाडाचे मूळ खडकाच्या फटीत शिरते. त्याला नांगर लागत नाही.

उन्हाळ्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा खणा. तो महिनाभर उन्हात तापू द्या. मग गाळ, शेणखत आणि वरची माती मिसळून भरा. पाऊस चांगला लागल्यावर रोप लावा. उताराच्या खालच्या अंगाला अर्ध्या चंद्रासारखी दगडाची पाळ घाला, म्हणजे वरून येणारे पाणी झाडाशी थांबेल.

सीताफळ या जागेला उत्तम. त्याचा पाला बकरी सहसा खात नाही, आणि तीन-चार वर्षांत फळ येऊ लागते. आवळा चालतो. मोह, चार, जांभूळ, बेल चालतात. पण मोहाला फुलावर यायला आठ-दहा वर्षे लागतात. मोह लावणारा बाप असतो, आणि वेचणारी लेकरे असतात. तरीही लावावा.

बोराची युक्ती तर फार सोपी आहे. बरडीवर रानबोरीची झुडपे आपोआप वाढतात. ती उपटू नका. उन्हाळ्यात झुडूप जमिनीपासून थोडे वर छाटा. नवे कोंब फुटतील. त्यांतला एक जोमदार कोंब ठेवून पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यावर उमराणसारख्या चांगल्या बोराचा डोळा भरा. मूळ रानबोरीचे, म्हणून खोल गेलेले. त्याला पाणी घालावे लागत नाही. फळ मात्र बाजारात विकण्याजोगे. डोळा भरणे हे हाताचे कसब आहे, ते पाहूनच शिकावे. सिंदेवाहीला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तिथे किंवा आपल्या कृषी सहाय्यकाला जाऊन विचारा. विचारायला लाजू नये.

रानाचा वाटा कोठे द्यावा

आता दुसरी गोष्ट. अमेरिकेसारख्या देशांत काही शेतकरी हरणांसाठी मुद्दाम पेरणी करतात. पुष्कळांचा हेतू असा की हरीण तिथे यावे आणि त्याची शिकार करता यावी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. शिवाय आपल्या रानात वाघ आहे. तुम्ही घराजवळ चितळाचे खाणे पेरले, तर चितळ येईल, आणि पाहुण्यामागे न बोलावलेला पाहुणाही येईल. म्हणून जनावरांसाठी पेरणी करायची ती वस्तीजवळ नको, बांधीजवळ नको. रानाचा वाटा रानातच द्यावा.

चितळ, सांबर, रोही यांचे मुख्य जेवण गवत आणि पाला. मग ते शेतात का येतात? रानात चांगले गवत कमी झाले की येतात. गवताच्या जागी तरोटा, रानतुळस, घाणेरी माजते. ती कोणी तोंडात धरत नाही. वणव्याने झुडपे आणि रोपे जळतात. उन्हाळ्यात पाणवठे आटतात. धानाची चव एकदा लागली की जनावर पुन्हा पुन्हा येते, हेही खरे. म्हणून रान सुधारले की उद्याच त्रास थांबेल, असे मी सांगणार नाही. पण रान भुकेले ठेवून त्रास कमी होणार नाही, हे नक्की.

ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे तिथल्या काही गावांचे पुनर्वसन झाले. जामणी, नवेगाव या गावांची जुनी शेते आज मोठी कुरणे झाली आहेत. जिथे माणूस नांगर धरत होता तिथे आता चितळांचे कळप चरतात. चांगले गवत मिळाले की जनावर तिथे रमते, हे यावरून दिसते.

गावाने काय करावे

हे काम एकट्याने होणारे नाही. ग्रामसभेने वनखात्याला बरोबर घेऊन करावे. वनहक्क कायदा २००६ साली झाला. ज्या गावांना त्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यांना आपले रान राखण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला हा हक्क २००९ साली मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली हजारावर हेक्टर रानाचा हक्क मिळाला. पाचगावच्या लोकांनी काय केले ते ऐका. बांबू विकून त्यांनी रोजगार उभा केला. पण तेंदूपाने तोडणे मात्र बंद केले. पानांसाठी झाडे छाटावी लागतात, आग लावली जाते, आणि मग फळ धरत नाही. फळ राहिले तर माणूस खाईल, पाखरूही खाईल, असा त्यांनी विचार केला. रानाचा सुमारे ३४ हेक्टर तुकडा तर त्यांनी देवराईसारखा अजिबात हात न लावता राखून ठेवला. हाच खरा रानाचा वाटा.

प्रत्येक गावाला तेंदूचा पैसा सोडणे जमेल असे नाही. पण पुढील कामे बहुतेक गावांना जमतील :

१. वस्तीपासून दूर, रानाच्या आतली मोकळी जागा ठरवावी. तिथला तरोटा फुलावर येण्याआधी, पावसाळ्यातच मुळासकट उपटावा.

२. पावसाळा सरल्यावर मारवेल, पवन्या, शेडा या आपल्याच गवतांचे पिकलेले बी गोळा करावे. ते कोरडे ठेवून पुढच्या पावसाच्या तोंडी टाकावे. परक्या गवताचे बी आणू नये.

३. ती जागा एक-दोन वर्षे गुरांना बंद ठेवावी.

४. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावू नये. झाडून घ्यावे किंवा जाळी, जुनी लुगडी पसरावी. एका झाडाखालची आग सारे रान खाऊन टाकते.

५. उंबर, वड, जांभूळ, बोर, चार ही झाडे रानात राखावी. रानातल्या नाल्यावर दगडी बांध घालून पाणवठा टिकवावा.

आपल्या शेतात कोणाला बोलवावे

शेतातही काही रानजीव हवेतच. ते म्हणजे पाखरे आणि मधमाश्या. बांधीत मधून मधून उंच काठ्या रोवा. कोतवाल पक्षी त्यावर बसून अळ्या आणि किडे टिपतो. रात्री घुबड बसते, ते उंदीर धरते. धुऱ्यावर तीळ, तूर फुलली की मधमाश्या येतात आणि दाणा चांगला भरतो. त्यांना मारणारे विषारी औषध फुलोऱ्यात फवारू नका.

रानडुकराला थोपवण्यासाठी शेताच्या कडेने एरंडीच्या दोन-चार दाट ओळी लावतात. तिचा वास आणि चव त्याला आवडत नाही. रब्बीत काटेरी करडई लावतात. याने सगळे थांबत नाही, पण नुकसान कमी होते. घराभोवती आणि पाऊलवाटेवर मात्र दाट झुडूप ठेवू नका. तिथे साफ असावे. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानालगत एकट्याने वाकून काम करू नये.

तारेत वीज सोडू नका

आता सगळ्यांत महत्त्वाचे. काही लोक रागाच्या भरात खांबावरची वीज तारेत सोडतात. राग खरा असतो, मला तो कळतो. सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत गेली तर कोणाचे डोके शांत राहील? पण ती तार डुकराला आणि माणसाला ओळखत नाही. पहाटे पाणी पाहायला गेलेला भाऊ, सरपणाला निघालेली बाई, आपलाच बैल, यांतले कोणीही तिला चिकटते. आपल्या जिल्ह्यात अशा तारांनी माणसेही गेली आणि वाघही गेले. हा गुन्हा आहे, आणि घराचा सत्यानाश आहे.

सौर कुंपण ही वेगळी वस्तू आहे. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर पळते, जीव जात नाही. ते तयार यंत्रासह घ्यावे. स्वतः तारा जोडून करू नये. त्याला अनुदान मिळते का, ते वनरक्षकाकडे विचारा.

पिकाचे नुकसान झाले तर ताबडतोब, तीन दिवसांच्या आत, वनखात्याला कळवा. पंचनामा करून घ्या. सातबारा जवळ ठेवा. अर्ज स्वतः लिहा, आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, ते याच कामासाठी.

एक वही ठेवा

शेवटी एक काम सांगतो. दोन आण्यांची वही म्हणत असत, आता दहा-वीस रुपयांची घ्या. तीत लिहा : पाऊस कोणत्या दिवशी पडला. कोणता बांध फुटला. कोणत्या पट्टीत तूर किती झाली. जनावर कोणत्या बाजूने आले.

आपल्याच जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे थोडक्या जमिनीचे शेतकरी. १९८३ साली त्यांना बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि त्यातून एचएमटी हे धान तयार झाले. पुढे ते दूरदूर पसरले. दादाजी २०१८ साली वारले, पण त्यांचे धान अजून शिजते आहे. त्यांच्याकडे जमीन थोडी होती, पण पाहणारा डोळा होता.

बरडी एका वर्षात कन्हार होत नाही. पहिल्या वर्षी एक बांध घाला. दुसऱ्या वर्षी दुसरा. दरवर्षी दहा झाडे लावा आणि त्यांतली सात जगवा. वाटणीत आलेला दगड तुमच्या लेकरांच्या वाटणीपर्यंत माती होईल.

आता सांगा पाहू :

१. बरडीत पाऊस पडूनही ती कोरडी का राहते?

२. बांध आधी घालावा की गाळ आधी टाकावा? का?

३. जनावरांसाठी गवत घराजवळ का लावू नये?

४. तुमच्या गावच्या रानात तरोटा माजलेली जागा कोणती? ग्रामसभेत ती कोण सांगेल?